‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ : विंडोज, लिनक्स आणि मॅक यांच्यातील सामायिक फोल्डरच्या जोडणीचे निदान

मूळ प्रश्न (धागाकर्ता)

आमच्या कामाच्या जागी एकाच राउटरवर चार यंत्रे आहेत: उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) चालवणारा एक संगणक, ज्यावर साम्बा, म्हणजे लिनक्सवरील फोल्डर नेटवर्कवरून इतर यंत्रांना उघडून देणारा प्रोग्राम, बसवून एक फोल्डर सर्वांसाठी खुला केला आहे, विंडोज ११ असलेला एक नवा लॅपटॉप, एक मॅक, आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची, नेटवर्कला जोडायची एक साठवणपेटी, जिच्यात जुन्या कामांच्या फाइली आहेत. फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर पेनड्राइव्हने नेण्याची वेळ येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे, परंतु प्रत्येक दिशेला वेगळीच अडचण उभी राहते.

विंडोजमधून उबुंटूच्या संगणकाचे नाव टाकल्यास ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ हा संदेश आणि ०एक्स८००७००३५ हा क्रमांक येतो. विंडोजच्या नेटवर्क खिडकीत तो संगणक दिसतच नाही. उलट दिशेने, म्हणजे उबुंटूवर विंडोजचा फोल्डर माउंट करायला (आपल्या यंत्रात जोडून घ्यायला) गेल्यास ‘माउंट एरर १३, परवानगी नाकारली’ असे उत्तर मिळते, आणि तेही लॅपटॉप उघडताना रोज जो पिन वापरला जातो तोच बरोबर टाकल्यावर. साठवणपेटीच्या बाबतीत तर उबुंटू ‘माउंट एरर ११२, होस्ट बंद आहे’ असे सांगतो, जेव्हा की तिला पिंग केल्यास ती लगेच उत्तर देते आणि मॅकवर तिच्यातील फाइली व्यवस्थित उघडतात.

शोध घेतल्यावर जे सल्ले सापडले ते साधारण सारखेच आहेत: एसएमबी १ (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या एसएमबी या पद्धतीची सर्वांत जुनी आवृत्ती) सुरू करा, फायरवॉल बंद करा, पासवर्डशिवाय प्रवेश द्या. कारण समजल्याशिवाय यांपैकी काहीही करण्याची माझी तयारी नाही. निदान कोणत्या क्रमाने करावे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

फायरवॉल बंद न करता आपण आधी विचारले, हे फार चांगले केले. या तीन सल्ल्यांनी पुष्कळदा काम चालू होते, मात्र नेमके काय बिघडले होते ते कळत नाही आणि यंत्र कायमचे उघडे राहते.

आपल्या तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या आहेत, म्हणून त्यांना एकच औषध लागू पडणार नाही. एक यंत्र दुसऱ्याच्या फोल्डरपर्यंत पोहोचते तेव्हा आधी नावावरून आयपी पत्ता (यंत्राचा नेटवर्कवरील आकडी पत्ता) शोधला जातो, मग त्या पत्त्यावरील टीसीपी पोर्ट ४४५, म्हणजे एसएमबीसाठीचे क्रमांकित दार, उघडे आहे का ते पाहिले जाते, मग दोन्ही यंत्रे एसएमबीच्या कोणत्या आवृत्तीत बोलायचे ते ठरवतात, त्यानंतर खाते आणि पासवर्ड तपासला जातो, मग त्या नावाचा फोल्डर खरोखर सामायिक केलेला आहे का हे पाहिले जाते, आणि अगदी शेवटी डिस्कवरील फाइलीची परवानगी विचारात घेतली जाते. यांपैकी कुठेही गाडी अडली तरी पडद्यावर येणारे वाक्य जवळजवळ सारखेच असते. म्हणून वाक्यापेक्षा क्रमांकावर भरवसा ठेवावा.

विंडोजचे ०एक्स८००७ ने सुरू होणारे क्रमांक वाचणे अवघड नाही. त्यांतील शेवटचे चार अंक सोळाच्या पायातील असतात. ते दशमान पद्धतीत बदलले की विंडोजचा जुना, साधा त्रुटी क्रमांक मिळतो. आपल्याला दिसलेल्या क्रमांकातील ३५ म्हणजे दशमानातील ५३, आणि ५३ चा अर्थ आहे की समोरचे यंत्रच सापडले नाही. ०एक्स८००७००४३ म्हणजे ६७: यंत्र सापडले, पण त्या नावाचा सामायिक फोल्डर तेथे नाही. ०एक्स८००७०५२ई म्हणजे १३२६: खाते किंवा पासवर्ड चुकला. ०एक्स८००७०००५ म्हणजे ५: ओळख पटली, पण प्रवेशाची परवानगी नाही. एवढे चार क्रमांक ओळखता आले तरी आपण कोणत्या पायरीवर अडलो आहोत ते बहुतेक वेळा समजते.

तेव्हा पहिली चाचणी अशी करावी की नावाऐवजी उबुंटूचा आयपी पत्ता टाकून तोच फोल्डर उघडावा. तसेच पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड लिहिण्याच्या खिडकीत) ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही कमांड त्या पत्त्यावर पोर्ट ४४५ देऊन चालवावी. पिंगवर विसंबू नये. पिंगला उत्तर मिळते याचा अर्थ यंत्र जागे आहे एवढाच. ४४५ वर कोणी ऐकत आहे का, हे पिंग सांगत नाही, आणि पिंगला उत्तर न देणारे यंत्रही फाइली व्यवस्थित देत असू शकते.

धागाकर्ता

आयपी पत्त्याने खाते आणि पासवर्ड विचारणारी खिडकी आली. पोर्ट ४४५ ची चाचणीही यशस्वी झाली. म्हणजे अडचण नावातच आहे असे दिसते. मात्र त्या खिडकीत उबुंटूचे खाते आणि पासवर्ड टाकल्यावर ते चुकीचे असल्याचा संदेश येतो, जेव्हा की त्याच पासवर्डने मी उबुंटूमध्ये रोज प्रवेश करतो.

प्रतिसाद २

पासवर्डबद्दल इतर सदस्य लिहितीलच. मी नावाबद्दल सविस्तर लिहितो, कारण या विषयावर गैरसमज फार आहेत.

यंत्र नेटवर्क खिडकीत दिसणे आणि त्याच्याशी जोडणी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्या काळी शेजारच्या संगणकांची यादी नेटबायोस या नावे शोधण्याच्या जुन्या पद्धतीच्या आधारे तयार होत असे. त्यासाठी यूडीपी १३७ व १३८ ही पोर्ट वापरली जात आणि ती यादी सांभाळणारी सेवा एसएमबी १ वर अवलंबून होती. विंडोज १० ची १७०९ ही आवृत्ती २०१७ मध्ये आली तेव्हापासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसएमबी १ मुळातच नसते, त्यामुळे ती यादीही गेली. आता विंडोज शेजाऱ्यांचा शोध डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या पद्धतीने, यूडीपी ३७०२ या पोर्टवरून घेते. साम्बाला स्वतःहून ही भाषा बोलता येत नाही. म्हणून साम्बाचा संगणक तेथे दिसत नाही, आणि लोक समजतात की साम्बाच बिघडला. उबुंटूवर ‘डब्ल्यूएसडीडी’ नावाचा छोटा प्रोग्राम बसवला की तो साम्बाच्या वतीने हाकेला उत्तर देतो आणि यंत्र यादीत दिसू लागते.

मॅक आणि बहुतेक लिनक्स वितरणे यासाठी तिसरीच पद्धत वापरतात: एमडीएनएस, म्हणजे यूडीपी ५३५३. मॅकवर तिला बोंझूर म्हणतात, लिनक्सवर अवाही. या पद्धतीत प्रत्येक नावाच्या शेवटी ‘.लोकल’ लागते. आजचे विंडोजही एमडीएनएसने नाव शोधू शकते, म्हणून नुसते नाव टाकण्याऐवजी त्यामागे ‘.लोकल’ जोडून पाहावे. माझ्या मते मिश्र नेटवर्कवर सर्वांत भरवशाचा उपाय याहून साधा आहे: राउटरच्या सेटिंगमध्ये त्या संगणकासाठी आयपी पत्ता राखून ठेवावा आणि जोडणी त्या पत्त्यानेच करावी. शोध घेणाऱ्या सेवा सोयीच्या आहेत, पण त्यांच्यावर रोजचे काम टांगून ठेवू नये.

दोन गोष्टी अवश्य पाहाव्यात. विंडोजमध्ये ते नेटवर्क ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदले गेले असेल, तर फायरवॉल शेजाऱ्यांचा शोध आणि फाइल शेअरिंग दोन्ही अडवते. विश्वासाचे नेटवर्क असल्यास ते ‘खाजगी’ करावे. दुसरे असे की एखादे यंत्र राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायला जोडलेले असेल, तर बहुतेक राउटर त्या यंत्राला इतर यंत्रांपासून मुद्दाम वेगळे ठेवतात. इंटरनेट मात्र चालू असते, त्यामुळे ही शक्यता ध्यानात यायला फार उशीर लागतो.

प्रतिसाद ३

आता पासवर्डबद्दल. साम्बा उबुंटूचा पासवर्ड वापरत नाही. त्याची स्वतःची वेगळी पासवर्डवही असते, कारण एसएमबीमध्ये पासवर्ड पडताळण्याची रीत लिनक्सच्या रीतीहून निराळी आहे आणि लिनक्सने जपून ठेवलेल्या सांकेतिक रूपावरून साम्बाला हवे असलेले रूप काढता येत नाही. म्हणून खाते लिनक्समध्ये असले तरी ते साम्बातही ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांडने, ‘-ए’ हा पर्याय देऊन, नोंदवावे लागते. कोणती खाती नोंदलेली आहेत हे ‘पीडीबीएडिट’ला ‘-एल’ देऊन दिसते. आपले खाते तेथे नसण्याची दाट शक्यता आहे.

हे करून झाल्यावर विंडोजमधून लगेच पुन्हा प्रयत्न केल्यास कदाचित १२१९ हा क्रमांक दिसेल. एका सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या खात्यांनी जोडणी ठेवू देण्यास विंडोज तयार नसते, आणि आधीचा अर्धवट प्रयत्न अजून जिवंत असतो. ‘नेट यूज’ ही कमांड नुसती चालवल्यास अशा जोडण्यांची यादी मिळते आणि त्याच कमांडने त्या तोडता येतात. शिवाय कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्या सर्व्हरच्या नावाने जुना पासवर्ड साठवलेला असेल तर तो काढून टाकावा, नाही तर विंडोज न विचारता तोच पुन्हा पुन्हा पाठवत राहील. मॅकवर हेच काम कीचेन करते.

साम्बाच्या मांडणीत ‘मॅप टू गेस्ट’ या ओळीसमोर ‘बॅड यूजर’ असे लिहिलेले असते, तेही पाहावे. याचा परिणाम असा होतो की साम्बाला अनोळखी असलेले खाते आले तर तो नकार देण्याऐवजी त्याला पाहुणा म्हणून आत घेतो. दोष तेथेच कळायला हवा होता, तो पुढे ढकलला जातो, आणि नवे विंडोज स्वतःच ही पाहुणचाराची जोडणी नाकारते. तेव्हा १२७२ हा क्रमांक येतो, म्हणजेच ०एक्स८००७०४एफ८. त्यातील वाक्यात संस्थेच्या सुरक्षा धोरणाचा उल्लेख असतो, त्यामुळे घरच्या यंत्रावर कोणते धोरण लागू झाले, असा प्रश्न माणसाला पडतो. प्रत्यक्षात बहुतेकदा खात्याच्या नावातील एखादे अक्षर चुकलेले असते.

आपल्या उलट दिशेच्या अडचणीचे, म्हणजे माउंट एरर १३ चे, मूळ पिनमध्ये आहे. विंडोजचा पिन त्या एका यंत्रापुरताच असतो आणि नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याने लॅपटॉप चालत असेल तर वापरकर्त्याचे नाव म्हणून ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, आणि ज्यांनी ते खाते पासवर्डविना ठेवले आहे त्यांच्यापाशी द्यायला काहीच नसते. मी सर्वांना हेच सुचवतो की विंडोजमध्ये फक्त शेअरिंगसाठी एक वेगळे स्थानिक खाते तयार करावे, त्याला चांगला पासवर्ड द्यावा आणि फोल्डरची परवानगी त्या खात्याला द्यावी. पासवर्ड रिकामा ठेवू नये: रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज फक्त यंत्रासमोर बसूनच प्रवेश देते, नेटवर्कवरून नाही.

परवानगी देताना विंडोजमध्ये दोन जागी पाहावे लागते. ‘शेअरिंग’ या पानावर एक परवानगी असते, ‘सिक्युरिटी’ या पानावर दुसरी, आणि दोहोंपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते.

धागाकर्ता

साम्बाच्या वहीत खाते नोंदवल्यावर विंडोजमधून प्रवेश मिळाला, आणि विंडोजमध्ये वेगळे स्थानिक खाते तयार केल्यावर उबुंटूवर तो फोल्डर माउंटही झाला. ‘.लोकल’ जोडल्यावर नावानेही जोडणी होते. दोन गोष्टी उरल्या आहेत. साठवणपेटी अजून ‘होस्ट बंद आहे’ असेच म्हणते. आणि सहकाऱ्यासाठी साम्बात दुसरे खाते केले, त्याची ओळख पटते, पण फोल्डर उघडताना त्याला परवानगी नसल्याचे सांगितले जाते. माझ्या खात्याने तोच फोल्डर उघडतो.

प्रतिसाद ४

साठवणपेटीचे निदान करण्यापूर्वी मॅकवर एक गोष्ट पाहावी. फाइंडरमध्ये त्या पेटीच्या फोल्डरची माहिती उघडल्यास सर्व्हरचा पत्ता दिसतो. तो ‘एएफपी’ने सुरू होत असेल तर कोडे सुटले: मॅक त्या पेटीशी एसएमबीने बोलतच नाही, ॲपलच्या जुन्या पद्धतीने बोलतो. मॅकने २०१३ मध्ये, १०.९ या आवृत्तीपासून, एसएमबीला पहिली पसंती दिली, तरी जुनी पेटी दिसल्यास तो एएफपीकडे वळू शकतो. एएफपीला ॲपलने कालबाह्य ठरवले आहे, म्हणून मॅकवर आज चालते ते उद्याही चालेल असे धरू नये.

लिनक्सचा ११२ हा क्रमांक अत्यंत फसवा आहे. होस्ट बंद आहे असे तो म्हणतो, पण येथे बहुतेकदा त्याचा अर्थ असा असतो की दोन्ही बाजूंना समजणारी एसएमबीची एकही आवृत्ती सापडली नाही. माउंट फसल्यानंतर लगेच ‘डीमेसेज’ या कमांडने कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) नोंद पाहावी. आपली आवृत्ती समोरच्याला चालत नाही, जुन्या सर्व्हरसाठी ‘व्हर्स’ हा पर्याय देऊन पाहा, असे तेथे स्पष्ट लिहिलेले आढळते. लिनक्सच्या ४.१३ या कर्नलपासून, म्हणजे २०१७ पासून, माउंट करताना एसएमबी १ आपणहून वापरले जात नाही. साम्बानेही ४.११ या आवृत्तीपासून, २०१९ मध्ये, किमान आवृत्ती एसएमबी २ अशी ठेवली. आपली पेटी फक्त एसएमबी १ जाणत असेल, तर विंडोज आणि उबुंटू या दोघांनीही तिच्याकडे पाठ फिरवणे स्वाभाविक आहे.

त्यामागचे कारण गंभीर आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय ही खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली ती विंडोजच्या एसएमबी १ मधील त्रुटीचा फायदा घेऊनच. तिच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती, पण असंख्य यंत्रांवर ती बसवलेली नव्हती. शिवाय एसएमबी १ मध्ये मजकूर सांकेतिक करण्याची सोय नाही, आणि दोन यंत्रांची बोलणी मध्येच बदलून त्यांना कमकुवत पद्धतीकडे वळवणाऱ्या हल्ल्यापासून संरक्षणही नाही.

प्रतिसाद ५

वरील सर्व मान्य करून एक व्यवहार्य मार्ग सुचवतो. पेटी टाकून देणे सर्वांना शक्य नसते. आधी तिच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ चा पर्याय आहे का ते पाहावे. अनेक पेट्यांत तो असतो, फक्त बंद ठेवलेला असतो, किंवा नव्या फर्मवेअरमध्ये मिळतो. तो नसेल तर उबुंटूवरून ‘व्हर्स’समोर १.० लिहून ती तात्पुरती माउंट करता येईल.

प्रतिसाद ४ (पुढे)

तात्पुरती, आणि फक्त उबुंटूवरून, एवढ्या अटीवर मला हे मान्य आहे. विंडोजमध्ये एसएमबी १ पुन्हा बसवू नये आणि साम्बा सर्व्हरची किमान आवृत्तीही खाली आणू नये, कारण मग एका पेटीसाठी सगळीच यंत्रे त्या पातळीवर येतात. उबुंटूने एकदा फाइली उतरवून घ्याव्यात, त्या साम्बाच्या फोल्डरात ठेवाव्यात आणि सर्वांनी त्या तेथूनच वापराव्यात. पेटीत एफटीपी किंवा एसएसएचची सोय असेल तर तीही या एका कामापुरती पुरेशी आहे.

विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती असेल तर आणखी एक बदल माहीत असावा. तिच्या प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन प्रकारांत एसएमबीच्या प्रत्येक संदेशावर सांकेतिक सही असणे बंधनकारक झाले आहे. सहीची किल्ली वापरकर्त्याच्या पासवर्डवरून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नसतो, म्हणून त्याला सही करता येत नाही, आणि पाहुण्यांसाठी खुले ठेवलेले फोल्डर या आवृत्तीनंतर उघडेनासे झाले. ज्या पेट्यांमध्ये सहीची सोय बंद ठेवलेली असते तेथे सही अवैध असल्याचा, ०एक्ससी०००ए००० असा क्रमांक येतो. पेटीवर सही सुरू करणे हा त्यावरचा योग्य उपाय आहे. लॅपटॉपवरची अट शिथिल करणे नव्हे. साम्बाला यासाठी वेगळे काही सांगावे लागत नाही.

प्रतिसाद ६

सहकाऱ्याच्या अडचणीबद्दल लिहितो. आपण सामायिक केलेला फोल्डर आपल्या होम फोल्डरच्या (आपल्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरच्या) आत आहे का? उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या होम फोल्डरची परवानगी ७५० असते, म्हणजे मालक आणि त्याचा गट सोडून इतरांना त्यातून पुढे जाताही येत नाही. साम्बा सहकाऱ्याच्या वतीने फाइल मागतो तेव्हा तो लिनक्सच्या दृष्टीने सहकारीच असतो. आतला फोल्डर सर्वांसाठी खुला केला तरी मुळापासून तेथपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर, लिनक्समध्ये ‘एक्झिक्यूट’ म्हणतात ती, ओलांडण्याची परवानगी असावी लागते. वाटेतला एक दरवाजा बंद असला की आतली खोली उघडी असून उपयोग नसतो. ‘नेमआय’ या कमांडला ‘-एल’ आणि पूर्ण पत्ता दिल्यास वाटेतील प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते. निदानासाठी यापेक्षा सोयीचे साधन मला माहीत नाही.

होम फोल्डर सर्वांसाठी मोकळा करू नये. सामायिक फोल्डर ‘एसआरव्ही’ या मुळाजवळच्या जागेत हलवावा, दोघांचा एक गट करावा, फोल्डर त्या गटाच्या नावे करून त्यावर ‘सेटजीआयडी’ चिन्ह लावावे, म्हणजे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल त्याच गटाची राहील. साम्बाच्या मांडणीत ‘क्रिएट मास्क’ असा ठेवावा की गटाला लिहिण्याचीही परवानगी मिळेल, नाहीतर एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते पण दुरुस्त करता येत नाही, आणि ही तक्रार सगळे सुरळीत झाले असे वाटल्यानंतर काही दिवसांनी येते.

फेडोरा किंवा त्या घराण्यातील लिनक्स वापरणाऱ्या वाचकांसाठी: तेथे या साऱ्या परवानग्या बरोबर असूनही एसईलिनक्स ही वेगळी सुरक्षाव्यवस्था अडवू शकते. फोल्डरला ‘साम्बा_शेअर_टी’ ही खूण लावावी लागते. ती ‘एसईमॅनेज’ने नोंदवून ‘रिस्टोअरकॉन’ने लागू करावी. एसईलिनक्स पूर्ण बंद करण्याचा सल्ला कृपया मानू नये.

प्रतिसाद ७

मॅकवरचा फोल्डर विंडोजमधून उघडायचा असेल तर एक खूण हमखास राहून जाते. मॅकच्या फाइल शेअरिंगच्या पर्यायांत ‘विंडोज फाइल शेअरिंग’ असा भाग असतो, आणि त्यात त्या खात्यासमोर खूण करून पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. ती खूण नसेल तर बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. जोडणी झाल्यावर ती कोणत्या आवृत्तीत चालू आहे हे मॅकवर ‘एसएमबीयूटिल स्टॅटशेअर्स -ए’ आणि विंडोजवर ‘गेट-एसएमबीकनेक्शन’ या कमांडने कळते.

वरील कशानेही उलगडा झाला नाही तर वायरशार्क या प्रोग्रामने नेटवर्कवरून जाणारी पाकिटे (माहितीचे तुकडे) पाहावीत आणि ती पोर्ट ४४५ पुरती गाळून घ्यावीत. हे वाटते तेवढे कठीण नाही, कारण नकार देणाऱ्या पाकिटात नकाराचे कारण नावानिशी लिहिलेले असते, आणि पडद्यावरच्या संदेशात ते हरवते. साम्बाच्या जन्माशीही या पद्धतीचा संबंध आहे: अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस आणि १९९२ च्या सुरुवातीला त्याची पहिली आवृत्ती लिहिली ती नेटवर्कवरून जाणारी पाकिटे पाहून, प्रोटोकॉलची रीत समजून घेतच.

प्रतिसाद ८

जोडणी जुळल्यावर मराठी नावांच्या फाइलींबाबत एक वेगळी अडचण येते, तिची नोंद येथे असावी, कारण इतर भाषांतील मदतपानांवर ती सापडत नाही.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइलप्रणालीत (डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीत) फाइलीच्या नावाची मर्यादा २५५ एककांची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एक एकक घेते. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे लिनक्सवर देवनागरी नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हे मावतात, आणि त्यांत प्रत्येक काना, मात्रा व हलन्त वेगळे मोजले जाते. ‘श्री’ हे एक अक्षर दिसते, पण ती चार चिन्हे आणि १२ बाइट आहेत. विंडोजवर विनातक्रार नांदणारे लांबलचक शीर्षक साम्बाच्या फोल्डरात टाकताना प्रत मध्येच थांबते, आणि लोक त्याचा दोष जोडणीला देतात.

दुसरी अडचण ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ यांसारख्या शब्दांतील ऱ या अक्षराची आहे. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येते: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली नावे साठवताना ती फोडून दुसऱ्या प्रकारात ठेवते. विंडोज आणि लिनक्स जे मिळेल ते तसेच ठेवतात. त्यामुळे जुन्या मॅक डिस्कवरून आलेली फाइल आणि विंडोजवर टंकलेली त्याच नावाची फाइल लिनक्सवर शेजारी शेजारी बसतात, डोळ्यांना तंतोतंत सारख्या दिसतात, आणि शोधल्यावर एकच सापडते. आरसिंकने नकल करताना ‘आयकॉन्व्ह’ या पर्यायात ‘यूटीएफ-८-मॅक’ देऊन हे टाळता येते.

याखेरीज नावात प्रश्नचिन्ह, विसर्गचिन्हासारखा दिसणारा अपूर्णविराम, उभी रेघ किंवा तारा असेल, अथवा नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असेल, तर लिनक्सला ते चालते आणि विंडोजला चालत नाही. साम्बा अशा फाइलीला विंडोजसमोर एखादे तोडके, विचित्र नाव देऊन उभे करतो. प्रश्नार्थक शीर्षके जशीच्या तशी फाइलीला देण्याची सवय असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

धागाकर्ता

फोल्डर होमबाहेर हलवल्यावर सहकाऱ्याची अडचण सुटली. मॅकवर पेटीचा पत्ता ‘एएफपी’नेच सुरू होत होता, आणि पेटीत एसएमबी २ चा पर्याय नाही. तिच्यातील फाइली उबुंटूवर उतरवण्याचे काम सुरू केले आहे. काही लांब मराठी नावांवर ते थांबले, ती नावे आखूड करून पुढे नेत आहे.

शेवटची एक शंका. विंडोजचा फोल्डर उबुंटू सुरू होताना आपोआप माउंट व्हावा म्हणून एफएसटॅबमध्ये (काय माउंट करायचे त्याच्या यादीच्या फाइलीत) ओळ लिहिली. हाताने माउंट केल्यास तो जोडला जातो, पण संगणक नव्याने सुरू केल्यावर जोडलेला नसतो, आणि लॅपटॉप बंद असेल तर उबुंटू सुरू व्हायलाच वेळ लावतो.

प्रतिसाद ६

संगणक सुरू होताना ती ओळ वाचली जाते तेव्हा नेटवर्क अजून उभे राहिलेले नसते. ओळीत ‘_नेटडेव्ह’ लिहिल्यास प्रणाली नेटवर्कची वाट पाहते, आणि ‘नोफेल’ लिहिल्यास लॅपटॉप बंद असला तरी सुरू होणे अडत नाही. त्याहून चांगले म्हणजे ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हा पर्याय द्यावा. मग जोडणी संगणक सुरू होताना न होता कोणी तो फोल्डर पहिल्यांदा उघडेल तेव्हा होते, आणि आपल्यासारख्या ठिकाणी, जेथे लॅपटॉप कधी असतो कधी नसतो, हेच योग्य आहे.

पासवर्ड त्या ओळीत लिहू नये, कारण एफएसटॅब कोणालाही वाचता येते. तो वेगळ्या फाइलीत ठेवून तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करावी, मालकी रूटकडे (लिनक्सच्या मुख्य व्यवस्थापक खात्याकडे) द्यावी आणि ओळीत ‘क्रेडेन्शियल्स’ या पर्यायापुढे तिचा पत्ता द्यावा. ‘यूआयडी’ आणि ‘जीआयडी’ (आपल्या खात्याचा व गटाचा क्रमांक) हेही पर्याय लिहावेत, नाहीतर माउंट झालेल्या सर्व फाइली रूटच्या मालकीच्या दिसतील आणि आपल्याला त्यांत लिहिता येणार नाही.